बल्बवाली वहिनी

वहिनीचं हत्यार म्हणजे इंडिकेटरचा एक बल्ब आणि त्याला डाख दिलेल्या दोन वायरी. सासऱ्यांचा वारसा. सासरे गेले, तशी ती गॅरेजच्या काउंटरवरून उठली आणि सरळ त्यांच्या वायरिंगच्या बाकावर जाऊन बसली. कुणाला विचारलं नाही. धाकट्या दिराला ते तेव्हापासून खुपतंय. गॅरेज तो चालवतो. इंजिन खोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण वायर म्हटली की त्याला जांभया येतात.

त्या सकाळी मास्तरांची डिझेल गाडी आली. सपाटीला ठीक, चढ लागला की धापा टाकायची. दिरानं इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब सांभाळणारा अंगठ्याएवढा व्हॉल्व बदलला. फरक शून्य. मग व्हॉल्वच्या वायरीला मीटर लावलं. बारा व्होल्ट.

"व्हॉल्व नवा, करंट येतोय. म्हणजे टर्बोच बसला," म्हणत त्यानं पाना उचलला.

"भाऊजी, टर्बोला हात लावू नका. वायर आजारी आहे."

"मीटर काय खोटं बोलतंय?"

"अर्धवट बोलतंय. रिकामा उभा असला की कुणीही पैलवान दिसतो. डोक्यावर पोतं द्या, मग बघा."

"बरं. टर्बो खराब निघाला, तर उद्यापासून पुन्हा काउंटर. कबूल?"

"कबूल. आणि चांगला निघाला, तर माझ्या बाकावर तुमचा चहाचा कप ठेवायचा नाही."

मास्तर खुर्ची ओढून बसले. अशी करमणूक त्यांना शाळेत मिळत नसावी.

वहिनीनं व्हॉल्वचा प्लग काढला, चावी फिरवली, त्या वायरीवर पोतं म्हणून बल्ब लावला. बल्ब नुसता लालसर झाला, मेल्या कोंबडीच्या डोळ्यासारखा. तीच वायर फ्यूजच्या डब्यापाशी तपासली, तर लख्ख उजेड. म्हणजे दुखणं मध्येच कुठंतरी. वायर बोटांनी चाचपत ती वीतभर पुढं गेली आणि थांबली.

वायरीच्या खालच्या अंगाला टाचणीएवढं भोक. आत तांबं हिरवं पडून झडलेलं, दोनच तारा शिल्लक. मीटरला तेवढ्या पुरतात, व्हॉल्वला नाहीत.

दिरानं मान खुपसली. "कुठल्या गाढवानं टोचलंय हे?"

भोक डावीकडून तिरकं गेलेलं. गॅरेजात डावखुरं माणूस एकच. गेल्या वर्षी ह्याच गाडीची वायर तपासायला टाचणी खुपसलेली तिला लख्ख आठवली. गप्प बसली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"मी टोचलंय," वहिनी म्हणाली. "वर टेप मारायची राहिली. पाणी शिरलं. मास्तर, चूक माझी."

दिराचा चेहरा उजळला. "मग काउंटर—"

"पैज टर्बोची होती, भाऊजी. माझ्या अकलेची नाही. सरका, उजेड अडवताय."

तिनं सडका तुकडा कापला, नवा जोडून डाख दिला, वर पाणी शिरू नये म्हणून नळी चढवली. बाकावरच्या डबीतल्या टाचण्या मास्तरांना देऊन टाकल्या, "तुमच्या नोटीस बोर्डाला लावा," म्हणून. दीर गाडी घेऊन मागच्या चढावर गेला. परत आला.

"ओढतेय," तो म्हणाला.

मग त्यानं बाकावरचा आपला कप उचलला.

"हा कुठं ठेवू आता?"

"काउंटरवर," वहिनी म्हणाली. "तिथं जागा रिकामीच आहे."