पाणी दाराकडे येत होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — का नाही, ते पुढे येईलच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. याला धैर्य समजू नका.

मी दुबईत बांधकामावर सुपरवायझर आहे. काँक्रीट, फरशी, उतार — हेच माझं काम. तेव्हा आम्ही एका कोल्ड स्टोअरचं काम करत होतो. बाहेर अंगाची लाही, आत हाडं गोठवणारी थंडी. फ्रीझरच्या दारापर्यंत ट्रॉल्या चढवायला एक रॅम्प होता. दार उघडझाप झालं की दमट हवा आत शिरते आणि उंबऱ्यापाशी तिचं पाणी होतं. ते पाणी खाली जाळीच्या गटारात जायला हवं. दाराशी थांबलं तर त्याचा बर्फ होतो. म्हणून ढाळ दारापासून दूर द्यायचा. यात न कळण्यासारखं काय आहे?

उताराची दोरी मीच बांधली होती. काँक्रीट सुकल्यावर नेहमीप्रमाणे बादलीभर पाणी ओतलं — आणि ते खाली गेलंच नाही. वरच्या टोकाला जरा घुटमळलं आणि हळूहळू दाराकडे सरकलं. उंबऱ्याशी जाऊन थांबलं.

आसपास कुणी नव्हतं. रॅम्प फोडून पुन्हा करायला हवा होता. पण मग मॅनेजरला सांगावं लागलं असतं — चूक माझी. आणि मला साइट इन्चार्ज करायचं तेव्हाच ठरत होतं. मी वायपर घेतला आणि पाणी पुसून काढलं. मॅनेजर आला, कोरडा रॅम्प बघितला, "यल्ला, चलो, हँडओव्हर" म्हणाला आणि गेला.

इथवरच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

कोल्ड स्टोअर सुरू झाल्यावर सचिनला तिथे कामाला मीच लावला. सचिन म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गावी रिकामा होता. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "दाजी, लोक दुबईला भाजायला येतात. तुम्ही मला फ्रीजमध्ये ठेवलंत." आम्ही खूप हसलो. त्याला तिथे पाठवताना तो उंबरा मला आठवला नव्हता का? आठवला होता. मी मनात म्हटलं, इन्शाल्ला, काही होणार नाही.

ज्या दिवशी तो पडला, त्या दिवशी मी एका किरकोळ दुरुस्तीसाठी तिथेच होतो. ट्रॉली ओढत तो उलटा चढत होता. दाराशी पाय घसरला, तो आडवा झाला, आणि भरलेली ट्रॉली त्याच्या कमरेवर आली. डोकंही आपटलं होतं, शुद्ध धड नव्हती. सोबतचा माणूस मदत आणायला पळाला. सचिनचा पाय सुजायला लागला होता, म्हणून मीच त्याचे सेफ्टी शूज काढले. हो — शूज. त्याने घातले होते. लेससुद्धा घट्ट बांधलेल्या होत्या. सोडवताना माझी बोटं बर्फाला लागत होती.

सेफ्टी ऑफिसर आला. आधी त्याने अनवाणी पाय बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"शूज किधर है इसका?"

खाली बर्फ होता. त्याची नजर तिकडे जायच्या आत मी बोललो — "चप्पल में था, सर. सरक गई होगी कहीं."

"खलास," तो म्हणाला. म्हणजे विषय संपला.

शूज मी फ्रीझरच्या दारावरच्या प्लास्टिकच्या पडद्यामागे सरकवले होते. नंतर गाडीत टाकून आणले आणि अल मनखूलला आमच्या बिल्डिंगमागच्या कचरापेटीत फेकले. स्वतःच्या निष्काळजीपणाने पडला, असं ठरलं. कंपनीने हात वर केले. सचिन गावी परत गेला, आणि अजून वॉकर धरून चालतो. मी इन्चार्ज झालो. तो रॅम्प मी गुपचूप नीट करून घेतला. आता पाणी बरोबर बाहेर जातं.

बायको आजही फोनवर त्याला रागावते — "बूट घालायला काय झालं होतं रे तुला?" — आणि फोन ठेवून रडते. मी शेजारी बसलेला असतो. मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता विचारते, "मामा वॉज सो केअरलेस, ना बाबा?" मी चहा पीत असतो.

पहिली काही वर्षं सचिन भांडायचा. बूट होते, मी स्वतः बांधले होते, म्हणायचा. कुणी ऐकलं नाही. गेल्या महिन्यात त्याचा मला एकट्याला फोन आला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दाजी, मी खूप विचार केला. बूट घातल्याचं मला आठवतं, ते आदल्या दिवशीचं असेल. त्या दिवशी चपलाच असतील ना? तुम्ही तर तिथेच होता."

मी म्हणालो, "असतील."