काजूच्या वासाआडची जखम

त्या वर्षी काजू भरपूर आले होते. पार्सेतल्या आमच्या घरामागच्या डोंगरावर बोंडू पडून कुजायचे आणि त्यांचा गोड, आंबूस वास दुपारभर खिडकीतून आत येऊन बाबांच्या खाटेभोवती रेंगाळायचा. त्या वासात मला सारखी पेंग यायची.

बाबा बार्जवर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. डिचोलीकडच्या धक्क्यावर खनिज भरायचं आणि नदीतून मुरगावला न्यायचं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा पेडण्यातल्या कचेरीतून लांब रजा घेऊन मी माहेरी आले. आई आधीच गेली होती. बाबांचं अंग पुसायला, कपडे बदलायला शेजारचे काका येत. मुलीसमोर उघडं पडायला बाबा तयार नव्हते. मी जेवण भरवायचे, पायांना तेल लावायचे.

एका सकाळी तेल लावताना उजव्या टाचेवर बोराएवढा डाग दिसला. बाबांची कातडी उन्हाने रापलेली, त्यामुळे तो लाल असा दिसेना. पिकत आलेल्या करवंदासारखा जांभळट होता आणि हाताला जरा गरम लागत होता. खाटेची कड लागली असेल, असं समजून मी त्यावर खोबरेल चोळलं, चांगलं जोर लावून.

दोन दिवसांनी नर्सबाई आल्या. त्या सिंधुदुर्गातल्या, आरोग्य केंद्रातून घरोघरी फिरायच्या. मी पुन्हा डाग चोळत होते, त्यांनी माझा हातच धरला.

"चोळू नकात, ताई. बोटान दाबा नि सोडा."

मी आधी डावी टाच दाबली. बोट उचलल्यावर जागा क्षणभर फिकी झाली आणि रंग परत भरला. उजवीकडचा डाग मात्र दाबून सोडला तरी तस्साच राहिला.

"हयसर आतून मार बसलो हा," त्या म्हणाल्या. "आता पाठ बघूया."

"पाठीक कायच जावंक ना," बाबा पटकन म्हणाले.

दारात उभे असलेले काका खाली बघू लागले. मी विचारलं तेव्हा पुटपुटले, "तुका सांगू नको म्हणून शपथ घातली ताणें. पंधरा दिस जाले."

मी बाबांजवळ बसले. ते छताकडे बघत होते, जणू तिथून पाणी वाहत होतं.

"बाबा, बार्जीत पाणी शिरलं आणि खलाशाने लपवून ठेवलं, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाबांनी डाव्या हाताने खाटेचा गज धरला, तोंड भिंतीकडे केलं आणि मला बघायला सांगितलं, "पळय."

माकडहाडावर वाटीच्या तोंडाएवढी जखम होती. कातडी गेली होती, आत पिवळट साय धरली होती, एका कडेला काळं पडलं होतं. खाली वाकले तेव्हा कळलं, इतके दिवस मी ज्याला काजूचा वास समजत होते त्यातला थोडा या खाटेतून येत होता.

"पयलो डाग येता," नर्सबाई हळू आवाजात सांगत होत्या. "मग फोड. मग कातडी जाता, मग खालचा मांस. हाडापर्यंत गेला तर..."

डॉक्टरांनी काळं झालेलं काढलं. हवेची गादी आली. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी. पेजेबरोबर अंडं, मासे. माझे दिवस दोन-दोन तासांचे झाले. मधल्या वेळात खुर्चीतच डोळा लागे. जागी झाले की दुपार आहे की सकाळ, कळत नसे. गादीचा पंप घुरघुरायचा आणि बाबा झोपेतून विचारायचे, "मुरगांव इलें?"

"अजून नाही," मी म्हणायचे, आणि आम्ही कूस बदलायचो.

टाचेवरचा डाग काही आठवड्यांत विरला. पाठीला अख्खा पावसाळा लागला. आधी पिवळं गेलं, मग तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं ओलं, लाल मांस दिसू लागलं आणि कडा एकेक केसाने जवळ आल्या. एकदा मध्येच ताप चढला, जखम पुन्हा ओली झाली. त्या दिवशी मी परसात जाऊन रडले. गणेशचवथीच्या सुमारास जखमेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी आली.

"ही जागा नाजूकच रवतली," नर्सबाईंनी बजावलं. "रोज बघा."

आता रोज मीच बघते. बाबा आपणहून गज धरतात.

"कशी आसा?"

"कोरडी आहे, बाबा. अख्खी."

परवा आईची आठवण काढून ते अर्ध्या ओठाने हसले. म्हणाले, "तुझ्या आवयन सुद्धां म्हजी पाठ इतली पळोवंक ना."