म्हैस त्यांची, शेण कुणाचं?

१९८६ साली बदलापूरजवळच्या आमच्या गावात एका संस्थेने गोबरगॅसची टाकी बांधली. सगळ्या गावासाठी, असं सांगितलं होतं. नळ्या मात्र ज्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या त्यांच्याच घरी गेल्या. बौद्धवाडीत कुणाकडे म्हैस नव्हती.

द्रौपदी त्या वाडीतली. ती हिरामण भोईरांचा गोठा झाडायची. टाकी झाल्यावर शेण पाण्यात कालवून आत सोडायचं कामही तिच्याकडेच आलं. ते उरकून ती घरी यायची आणि ओल्या लाकडांची चूल फुंकत खोकत बसायची. हे बरोबर की चूक, असं ती नवऱ्याला विचारी. सुदाम अंबरनाथला कारखान्यात होता. तो म्हणायचा, संस्थेची माणसं आली की त्यांनाच विचार.

संस्थेचे दिनानाथ साहेब आले तेव्हा तिने बैठकीतच विचारलं, "चारा मी कापते, शेण मी काढते, कालवते मीच. मग गॅस म्हशीवाल्यांचाच कसा?"

"पण म्हैस माझी आहे ना, द्रौपदी," हिरामण शांतपणे म्हणाला.

तेही तिला पटलं. तीच तर पंचाईत होती. साहेबांच्या नियमात शेण देणारा होता, कालवणारा नव्हता. शेवटी त्यांनी तिच्या घरी संध्याकाळपुरता गॅस द्यायचं ठरवलं. हिरामणने नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी उजेडात ज्योत दिसेचना. पेटली की नाही म्हणून तिने हात पुढे केला आणि बोटं भाजून घेतली. मग शेजारणीही भाताची पातेली घेऊन येऊ लागल्या.

थंडीत गॅस कमी पडला. हिरामणच्या आईने, वेणूबाईंनी, निरोप धाडला की आमच्या भाकरी कच्च्या राहतात, तुझी शेगडी बंद ठेव. तिने ठेवली. तरी गॅस वाढला नाही. साहेब म्हणाले, थंडीने असं होतं, यात कुणाचा दोष नाही, शेण कोमट पाण्यात कालवा. तसं केल्यावर गॅस आला.

पण तुझी शेगडी सुरू कर, असं कुणी म्हणेना. विचारावं, तर मागितल्यासारखं होईल. न विचारता पेटवावी, तर चोरल्यासारखं. गोठ्यात वेणूबाई रोज भेटायच्या. दोघी सगळं बोलायच्या, एवढं सोडून.

एका संध्याकाळी तिने शेगडीचा कॉक फिरवला आणि भात शिजवला. सकाळी गोठ्यात गेली. वेणूबाई म्हणाल्या, "काळी म्हैस आज पान्हा चोरते, जरा बघ."

त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे द्रौपदीला कधीच उमगलं नाही.