हिंडायला गेलेला कोंबडा

भंडारा जिल्ह्यात कोंबड्या पाळणारे पुष्कळ आहेत. पण कोंबड्यांनी पाळलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडभाऊ निघाला.

सायकलला टोपल्या बांधून कोंबड्या विकत विकत मी साकोलीला स्वतःचं दुकान टाकलं. पाय धरून उचलली की कोंबडीचं वजन सांगतो. बाजारात माझ्याशी घासाघीस करायला भलेभले कचरतात. पण आसगावच्या या साडूंपुढे माझी मात्रा कधी चालली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. पाहुण्याला कोंबडा कापायचा ही आमच्याकडची रीत. माझ्या ताटात वांग्याची भाजी आली. “कोंबडे हिंडाले गेले जी, पावने. चरतीवरच्या जीवाले धरू नाही. पुढल्या खेपेले पक्का!” मीही हट्टी. संध्याकाळपर्यंत थांबलो. कोंबडे येऊन अंगणातल्या पेरूवर बसले. “आता?” मी विचारलं. “आता? झोपलेल्याले कोनी उठवते काय?” म्हणजे दिवसा चरणार, रात्री झोपणार, कोंबडा धरायचा मुहूर्तच त्यांच्या पंचांगात नव्हता.

खुराडं त्यांनी कधी बांधलंच नाही. उन्हाळ्यात मला दिलेल्या खाटेवर कोंबडी येऊन बसली, तर “ते बसली आहे, तुमी खाली बसा,” म्हणून मलाच उठवलं. पावसाळ्यात पिलांची कोंबडी तळ्याच्या पाळीवर निघाली की मागून हे छत्री धरून. माझी मेहुणी ओली होत ओरडायची, “माह्यावर कधी धरली का जी अशी?” आषाढात धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, उगवले की सारं गाव कोंबड्या टोपल्याखाली झाकून ठेवतं. यांनी कोंबड्यांसाठी वेगळे पऱ्हे टाकले. कोंबड्या ते ओलांडून शेजाऱ्याच्या पऱ्ह्यांत गेल्या. शेजारी काठी घेऊन आला, तर हे शांतपणे म्हणाले, “तुमचा बैल सोडा न आमच्या पऱ्ह्यात. फिटमफाट!” शेजारी काठी तिथंच विसरून गेला.

वर्षं गेली. कोंबड्यांच्या पिढ्या बदलल्या, वायदा तोच राहिला. एकदा मी भडकून ताटावरून उठलो. “साडभाऊ, मले वांगेवाला समजता काय?” ते म्हणाले, “काहून तापता जी? वांगे गोड नाही झाले काय?”

मग एका हिवाळ्यात ते आजारी असल्याचा निरोप आला. गेलो, तर अंगणात उन्हाला खाट टाकून पडलेले, निम्मे उरलेले. मला पाहून म्हणाले, “पावने, आज वायदा फेडतो. तो लाल कोंबडा तुमचा. धरा!”

मी धोतर खोचलं. कोंबडा कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्याभोवती, मी त्याच्या मागे. खाटेवरून ते मला सांगत होते, “धरा, पावने, डावीकडून!” आणि त्याच दमात कोंबड्याला, “पळ बावा, पळ!” हसता हसता त्यांना खोकला आला. शेवटी कोंबडा कोपऱ्यात सापडला. हाताला पिसं लागली, आणि खाटेवरचं हसू एकदम थांबलं.

कसा कोण जाणे, माझा हात चुकला.

“सुटला,” मी म्हणालो. “तसाही हलकाच होता.”

“हलका कायचा? नीट पाहा!” ते उठून बसत म्हणाले. “पुढल्या खेपेले पक्का.”

त्या दिवशी वांग्याची भाजी मी दोनदा वाढून घेतली.

पुढल्या खेपेस गेलो तो त्यांच्या तेरवीला. त्या दिवशी तर ताटात वांगंच असणार, तक्रार कोणाकडे करणार? हात धुताना मी पेरूकडे पाहिलं. झाडावर एकही कोंबडा नव्हता. सगळे हिंडायला गेले होते.