ओग्बायची दाढ

ओस्लोत नव्याने आलेल्या आमच्या माणसाला मी दोन गोष्टी आधी सांगते: बसचा पास काढ आणि दात सांभाळ. ताप आला, हाड मोडलं तर सरकार बघतं, थोडेफार भरून सुटका होते. दात मात्र ज्याचे त्याने बघायचे. एका दाढेला जे पैसे लागतात, त्यात माझ्या बापाने तिकडे आमच्या देशात, अस्माराला घरावर नवं छप्पर घातलं असतं. मी इथे बावीस वर्षं आहे. शाळेच्या फरशा पुसते आणि आमच्या लोकांची सरकारी पत्रं वाचून देते. मला इथली भाषा वाचता येते आणि माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून लोक येतात. ओग्बायही तसाच आला, हातात पत्र घेऊन, चपला दाराबाहेर काढून.

ते पत्र बायको-मुलीबद्दल होतं. आमच्यासारखा निर्वासित इथे आला की पहिल्या सहा महिन्यांत त्याला कमाई न दाखवता कुटुंबासाठी अर्ज करता येतो. ओग्बायचे ते सहा महिने वाया गेले होते, कारण तेव्हा बायको अब्रेहेत आणि मुलगी सेनायत कुठे आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो देश सोडून पळून गेला म्हणून तिकडच्या सरकारने अब्रेहेतला तुरुंगात टाकलं होतं. दीड वर्षाने मायलेकी सीमा ओलांडून शेजारच्या देशात, अदिस अबाबाला पोचल्या आणि त्याला फोन आला. पण आता नियम सगळ्यांसारखाच होता. वर्षाला अमुक एक कमाई दाखव, मग बोलव.

"किती झाली तुझी गेल्या वर्षी?" मी विचारलं.

"कमी पडली, ताई."

"आणि मुलगी किती वर्षांची?"

"सोळा. पुढच्या जूनमध्ये सतरा, त्याच्या पुढच्या जूनमध्ये अठरा."

अठरा पूर्ण झाली की ती मूल राहत नाही. अर्ज त्याआधी जायला हवा. हे मला सांगावं लागलं नाही, त्याला पाठ होतं.

मग हा माणूस कसा राहिला ते मी पाहिलं आहे. तळघरातली एक खोली, खिडकी जमिनीलगत, त्यातून लोकांचे बूट दिसायचे. पहाटे हॉटेलातल्या खोल्या साफ करायच्या, दुपारनंतर एका खानावळीत भांडी. बसचा पास मी सांगूनही काढला नाही. हिवाळ्यातसुद्धा चालत जायचा, बुटात प्लास्टिकच्या पिशव्या घालून. पाव घ्यायचा तो दुकान बंद होताना, अर्ध्या किमतीचं पिवळं चिकट लेबल लावलेला. इंजेरासाठी, म्हणजे आमच्या आंबवलेल्या धिरड्यासाठी, टेफ धान्याचं पीठ परवडत नाही म्हणून बार्लीचं पीठ आंबवायचा, आणि ती इंजेरा तव्यावरून उलथन्याने खरवडून काढावी लागायची. आम्ही चार जण गाडी करून सीमेपलीकडे स्वीडनला स्वस्त मटण आणायला जायचो, तेव्हा तो पेट्रोलचा वाटा द्यायचा आणि फक्त कांदे आणि मसूर घेऊन परत यायचा.

"अरे, एवढं पोटाला चिमटे काढून वाचवतोस, त्याने कमाई वाढते का?" मी एकदा चिडून म्हटलं. "कमाई पगारावर बघतात. खाल्लंस तरी तेवढीच, उपाशी राहिलास तरी तेवढीच."

"तिकिटं कोण काढणार, ताई? भाडं कोण भरणार तीन माणसांच्या घराचं? तीन महिन्यांचं आगाऊ मागतात." मग हसला. "आणि सेनायत म्हणते तिला स्वतःची खोली पाहिजे. राजकन्या आहे."

तिचे फोटो तो सगळ्यांना दाखवायचा. लांब मानेची पोर, शाळेच्या गणवेशात, कपाळावर आठ्या. बापासारखीच हट्टी दिसायची.

दुसऱ्या वर्षी त्याने कमाईची रेष ओलांडली. डिसेंबरचा पगार आला तेव्हा तो माझ्याकडे कॉफीला आला आणि आमच्या रीतीच्या तीनही फेऱ्या बसून प्यायला. एरवी पहिल्या कपानंतरच उठायचा. मार्चअखेर कराचा कागद येईल, एप्रिलमध्ये अर्ज करू, जूनच्या आत सगळं होईल, असं त्याने मला दोनदा सांगितलं. तेवढाच एक आनंदी दिवस मला त्याचा आठवतो.

जानेवारीत त्याची दाढ सुजली.

आधी तो लवंग धरून काम करत होता. मग गाल असा फुगला की डोळा झाकला. दातांच्या डॉक्टरने बघितलं, पू झालाय म्हणाला, औषध दिलं, आणि पुढच्या उपचाराचा आकडा कागदावर लिहून दिला: सात हजार चारशे क्रोनर. त्याची शिल्लक होती, पण ती घराच्या अनामत रकमेत नुकतीच घालून बसला होता. अर्जाआधी घर पक्कं दिसावं म्हणून त्याने दोन खोल्यांची जागा घेतली होती. कामावर नाही गेला तर पगार कापला जाणार, आणि पुढच्या वर्षाची कमाईही त्यांना दाखवायची असते.

त्याच रविवारी आमची भिशी होती. बारा जण, प्रत्येकी दोन हजार. चिठ्ठ्या टाकून वर्षाचा क्रम ठरतो, पण आमच्यात एक रीत आहे. कुणाच्या घरी मरण किंवा आजारपण आलं तर ज्याचा नंबर असेल तो आपण होऊन म्हणतो, या महिन्याची तू घे, तुझी मी घेईन. अडलेल्याने मागायचं नसतं. मागितलं तर त्याची शोभा जाते आणि देणाऱ्याचीही.

जानेवारीचा नंबर माझा होता.

हिवेतकडे सगळे जमलो होतो. भिशी तीच चालवते. ओग्बाय सुजलेला गाल मफलरने बांधून कोपऱ्यात बसला होता. हिवेतने पाकीट माझ्या हातात दिलं आणि क्षणभर हात मागे घेतला नाही. सगळे आपापल्या कपात बघत होते. मला कळत होतं. पण महिन्याअखेरीस माझ्या मुलाच्या होणाऱ्या सासुरवाडीची माणसं साखरपुड्याला येणार होती, आणि माझा सोफा फाटलेला होता. नवा सोफा मी दुकानात बघून ठेवला होता, गडद हिरवा. मी पाकीट पर्समध्ये टाकलं.

आणि मग, गप्प बसवेना म्हणून, मी जोरात बोलू लागले.

"अरे ओग्बाय, समाजकल्याण कचेरीत का जात नाहीस? तातडीच्या दाताला ते पैसे देतात. तू कर भरतोस, तुझ्या हक्काचे आहेत!"

"नको ताई, कुणाची मदत नको. सांभाळेन."

"काय सांभाळशील? तोंडाचं टमाटं झालंय! उद्या माझ्याबरोबर चल. अर्ज मी भरते."

"खरंच काही अडचण नाही ना येणार त्याने?"

"मी वीस वर्षं हेच करतेय," मी म्हणाले.

सोमवारी मी शाळेतून रजा काढली आणि त्याला घेऊन गेले. अर्ज भरला, डॉक्टरांचा कागद जोडला, त्याच्याकडून सही घेतली. दहा दिवसांत पैसे मंजूर. दाढ दुरुस्त झाली. त्याने माझ्यासाठी अर्धा किलो कॉफीचे दाणे आणले, आणि ते मी नव्या सोफ्यावर बसून घेतले.

एप्रिलमध्ये आम्ही कुटुंबाचा अर्ज भरायला बसलो. कराचा कागद, घराचा करार, लग्नाचा दाखला, सगळं त्याने इस्त्री केल्यासारखं सरळ करून आणलं होतं. मी एकेक प्रश्न वाचत होते, तो उत्तर देत होता. निम्म्यावर आलो आणि माझा आवाज थांबला.

"काय विचारलंय?" तो म्हणाला.

गेल्या बारा महिन्यांत समाजकल्याणाची आर्थिक मदत घेतली आहे का, असं विचारलं होतं. घेतली असेल तर अर्ज बसत नाही. हे मी कधी वाचलंच नव्हतं. माझं कुटुंब माझ्याबरोबरच आलं होतं. ज्यांची पत्रं मी वाचून दिली त्यातल्या कुणी मदतही घेतली नव्हती. नाही माहीत, असं एकदा तोंडातून निघालं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्या दिवशी फक्त माझ्या पर्सवरून सगळ्यांची नजर काढायची होती.

मी वाचून दाखवलं. त्याने बोटांवर महिने मोजले. जानेवारी ते जानेवारी. मध्ये जून होता.

"नाही असं लिहू," मी म्हणाले.

"त्यांच्याकडे सगळं दिसतं, ताई. खोटं ठरलं तर अब्रेहेतलाही कधी येऊ देणार नाहीत."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोसलं असतं. त्याने कागद पुन्हा पिशवीत भरले, एक खाली पडला तो मी उचलून दिला. दुसऱ्या दिवशी मी फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांकडे गेले, तिथल्या पोरीशी भांडले. ती शांतपणे म्हणाली, अर्ज टाका, पण आशा धरू नका. आम्ही टाकला. शरदात नकार आला. सेनायत तोवर अठरा वर्षांची झाली होती.

भिशीच्या पाकिटातले पैसे मी त्याला द्यायला हवे होते असं हिवेत मला एकदाच म्हणाली. मी त्याचं वाटोळं केलं, आणि तेही एका सोफ्यासाठी.

पुढच्या जानेवारीत त्याने एकट्या अब्रेहेतचा अर्ज टाकला. तो त्याने स्वतः भरला, शब्दकोश घेऊन. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात ती आली. सेनायत अदिसमध्ये मावशीकडे राहिली.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. मीही गेले, ओग्बायनेच बोलावलं होतं. अब्रेहेत फोटोतल्यापेक्षा लहानखुरी दिसली, हातात एकच बॅग. तिने माझ्या गालांवर तीनदा ओठ टेकवले आणि ती माझे हात सोडेना.

"लेतेब्रहान ताई ना तुम्ही? हा फोनवर नेहमी सांगायचा. परक्या देशात याच्या दाढेपर्यंत सगळं तुम्ही बघितलंत. सख्खी बहीण करत नाही एवढं!"

मी ओग्बायकडे पाहिलं. तो तिची बॅग गाडीवर नीट ठेवत होता, वर बघत नव्हता.

"आता माझी पोर तेवढी राहिली," अब्रेहेत म्हणाली. "हा म्हणतो, कागद एकेकट्याचे होतात, आधी तू, मग ती. तिचा अर्ज तुम्हीच भराल ना, ताई?"

ओग्बाय तसाच वाकून उभा होता.

"हो," मी म्हणाले. "मीच भरेन."