बसलेली करवली

माझ्या नणंदेइतकं पाट्यांशी भांडलेलं माणूस अख्ख्या नाशकात शोधून सापडायचं नाही. लोक नवऱ्याशी भांडतात, भाऊबंदांशी भांडतात, आमच्या मार्केटात तर कोथिंबिरीच्या जुडीवरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात; पण ताई भांडायच्या त्या पाटीशी. आपली हाताने फिरवायची तीनचाकी पाटीसमोर उभी करायच्या, मान तिरकी करून ती नीट वाचायच्या आणि "हे कुणाला म्हणतोय रे?" असं पाटीलाच विचारायच्या. लहानपणी तापात दोन्ही पायांतली ताकद गेलेली. घरात आणि जवळपास कुबड्यांवर, लांब जायचं तर तीनचाकीवर. त्यामुळे 'अपंगांसाठी राखीव', 'अपंगांनी इकडून यावे' असं जे जे म्हणून सरकार बोलायचं ते ताईंना तोंडावर बोलल्यासारखं वाटायचं, आणि तोंडावर बोललेलं ऐकून घेणं आमच्या सासरच्या रक्तात नाही.

त्यांची माझी पहिली भेटही अशीच. माझं माहेर येवल्याचं, लग्न तिथंच झालं. माझ्या नवऱ्याच्या मागे करवली म्हणून हातात नारळ ठेवलेला करा घेऊन एक चुलत नणंद उभी होती. मला वाटलं, हीच नणंद. वरात मखमलाबादकडच्या मळ्यात आली आणि बघते तर घराच्या दारात तीनचाकी सायकल आडवी लावलेली, तिच्यावर लाल नेलपॉलिश लावलेल्या, अंबाड्यावर भरगच्च गजरा माळलेल्या एक बाई. "मी खरी नणंद," त्या म्हणाल्या. "लग्नात उभी होती ती उसनी आणलेली." आमच्यात नवरानवरी उंबऱ्याशी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते आणि 'तुमची मुलगी माझ्या मुलाला देणार का' असं विचारून 'देणार' म्हणवून घेतल्याशिवाय आत सोडत नाही. बाकीच्या बहिणी हात आडवा धरतात, ताईंनी वाहनच आडवं घातलेलं, वर ब्रेक दाबून धरलेला. "मुलगी देणार का?" त्यांनी विचारलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण ताईंचं लग्न व्हायचं नाही हे सगळ्यांनी मिळून केव्हाच ठरवून टाकलं होतं. माझं तोंड पहिल्यापासून चालतं. मी पटकन विचारलं, "कुणाला देऊ?" सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. ताई मात्र खो खो हसल्या. "मलाच दे की! मुलगा होईल तेव्हा होईल, मुलगी तर हाताशी राहू दे." मी म्हटलं, देते. आणि दिलीसुद्धा. माझी लेक वाढली ती ताईंच्या मांडीवर, तीनचाकीच्या घंटीशी खेळत.

फुलांचा मळा घरचाच, त्यामुळे ताईंचे हात सकाळपासून गजरे करण्यात गुंतलेले असायचे. त्यांच्या गाठीचा गजरा फुलं सुकली तरी सुटत नसे. पुढे सरकारने अपंगांना टेलिफोनचे बूथ द्यायला सुरुवात केली, तसा ताईंनाही एक पिवळा बूथ मिळाला. आनंदाला तर पारावार नाही! पण बूथवर रंगाऱ्याने ही एवढी मोठी अक्षरं काढून ठेवली, 'अपंग टेलिफोन केंद्र'. ताईंचा जीव कळवळला. "अहो, लोकांना वाटतं फोनच अधू आहे! दोन पावलं पुढे जाऊन दुसरीकडे लावतात." रंगारी म्हणाला, नियम आहे, खोडता येणार नाही. ताईंनी खोडलं नाही. रोज सकाळी त्या पाटीच्या वरच्या खिळ्याला शेवंतीची एक जाडजूड माळ अडकवायच्या, ती बरोबर 'अपंग' या शब्दावर लोंबायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "पाटी झाकलीत का?" ताई म्हणाल्या, "झाकली नाही साहेब, नटवलीय. तुमच्या मिसेसना गजरा नेता का?" साहेब गजरा घेऊन गेले.

सिटी बसमध्ये तर तमाशाच. कुबड्या सांभाळत ताई चढल्या की कंडक्टर अदबीने म्हणायचा, "बाई, तुमची सीट ती, अपंगांची." ताई बायकांच्या सीटवर बसायच्या आणि म्हणायच्या, "आत्ता बाई म्हणालात ना? मग माझी सीट हीच." तो बिचारा भलं करायला गेलेला, तिकीट फाडून पुढे सरकायचा. नाशिकरोडला रेल्वेच्या डब्यावर 'विकलांग' लिहिलेलं बघून त्यांनी मला विचारलं होतं, "वहिनी, बसमध्ये मी अपंग आणि रेल्वेत विकलांग. गाडी बदलली की दुखणं बदलतं का गं?" मी म्हटलं, ताई, लोक बघतायत. त्या म्हणाल्या, "बघू देत, आज साडीही नवीन आहे."

एकदा एका संस्थेनं सभा बोलावली. 'अपंग' हा शब्द आता बरा दिसत नाही, पाट्यांवर नवा घालावा, म्हणून जाणत्या लोकांची चर्चा होती. ताईंनाही मानाने बोलावणं आलं. गेलो, तर सभा वरच्या मजल्यावर! दोन शिपायांनी ताईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, घामाघूम होत वर नेलं. ताई निवांत बसून दोघांच्या घरच्यांची चौकशी करत होत्या. वर एका गृहस्थांनी 'विशेष व्यक्ती' असा शब्द सुचवला, टाळ्या पडल्या. ताईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ताई म्हणाल्या, "शब्द चांगला आहे. पण हॉटेलात स्पेशल म्हटलं की मिसळीवर जास्तीची शेव घालतात. आमच्यावर काय घालणार ते आधी ठरवा. आणि पुढच्या सभेत मी खाली बसेन, तुम्ही सगळे वरून ओरडून सांगा." लोक हसले. खाली उतरल्यावर मात्र ताईंनी तीनचाकीवर बसून कुबड्या मागे अडकवल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, माझ्यासाठी एवढे शब्द शोधतात. 'बाई' हा शब्द काय वाईट होता?"

सिंहस्थ तोंडावर आला की आमचं गाव रंगवून निघतं. त्या खेपेला रंगाबरोबर निळ्या पाट्याही आल्या. निळ्या रंगावर चाकाच्या खुर्चीत बसलेला पांढरा माणूस. ताईंनी तो पहिल्यांदा पाहिला आणि त्यांचं डोकंच फिरलं. "मी गंगापूर रोडचा चढ हातांनी चढते, आणि हा बघा, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा बसलाय! हात पुढे करून चहाची वाट बघतोय मेला." त्यात एका सरकारी कचेरीत काम निघालं. तिथं स्वच्छतागृहाची तीन दारं होती. एकावर पुरुष, एकावर स्त्रिया, तिसऱ्यावर हे जावईबापू. ताई स्त्रियांच्या दाराकडे वळल्या तर वॉचमन म्हणाला, "तिकडे नाही, तुमचं ते तिसरं." ताईंनी विचारलं, "तिसरं बायकांचं की पुरुषांचं?" तो गडबडला. "तसं नाही काही. अपंगांचं." तिसऱ्या दाराला कुलूप होतं आणि आत केरसुण्या भरल्या होत्या ही गोष्ट वेगळीच. ताई तिथंच थांबल्या. पर्समधून नेलपॉलिश काढली आणि त्या पांढऱ्या डोक्याच्या कपाळावर लाल टिकली लावली. मग पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली काढून मागे छानपैकी अंबाडा काढला. "अहो बाई, सरकारी बोर्ड आहे तो!" वॉचमन ओरडला. "हो ना," ताई म्हणाल्या, "चुकलाय, तो दुरुस्त करतेय."

तेव्हापासून हे व्यसनच लागलं. पांढरी नेलपॉलिश आमच्याकडे सहसा मिळायची नाही, ती मी देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणून द्यायची. दवाखाना, बँक, बाग, जिथं जिथं हात पोचेल तिथल्या पाटीवर टिकली आणि अंबाडा. वेळ असला तर अंबाड्याभोवती ठिपक्याठिपक्यांचा गजरासुद्धा. मी म्हणायची, "ताई, एखाद दिवशी पोलीस धरून नेतील." त्या म्हणायच्या, "नेऊ देत. चौकीला रॅम्प आहे का तेवढं विचारून ठेव."

आणि मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं. आमच्या घरातलं शेवटचं लग्न, ताईंचा शेवटचा भाऊ. माझ्या लग्नात करवलीपण हुकलं होतं ते त्या कधी बोलल्या नव्हत्या, पण यावेळी आपण होऊन म्हणाल्या, "वहिनी, यावेळी करा मी धरणार." एवढंच. दुसऱ्या कशासाठी त्यांनी घरात कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. अडचण अशी की उभं राहायचं तर दोन्ही हात कुबड्यांना लागतात, आणि करा धरायला हात मोकळे हवेत तर बसायला हवं. मी सासूबाईंना म्हटलं, त्यात काय, आम्ही त्यांना स्टेजवर उचलून नेतो, भावाच्या मागे खुर्चीत बसतील. सासूबाई म्हणाल्या, "करवली उभी राहती, बाई. बसून कुठं करवली असती?" मी हट्टाला पेटले. दोन दिवस आमची अशी जुंपली की नवरा जेवायला मळ्यातच बसायला लागला. शेवटी सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लोकं नवरीकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघतील. ते बघणं मी लय बघितलंय. माझ्या लेकीला आता नको." ताई दारातच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "राहू दे गं वहिनी," त्या म्हणाल्या, आणि शेवंतीची टोपली पुढे ओढली. लग्नातल्या सगळ्या बायकांचे गजरे त्यांनीच केले, करा धरणाऱ्या चुलत बहिणीचासुद्धा.

कार्यालय नवंकोरं होतं. मालकाने कौतुकाने रॅम्प बांधलेला, त्याच्या तोंडाशी भिंतीवर निळी पाटी, खाली 'अपंगांसाठी'. रॅम्प जात होता जेवणाच्या हॉलकडे. स्टेजला पायऱ्याच. मुहूर्ताची वेळ झाली, अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, आणि मी बघते तर ताई कुठंच नाहीत. मुठीत अक्षता तशाच धरून मी बाहेर धावले. ताई पाटीसमोर तीनचाकीवर होत्या. टिकली झाली होती, अंबाडा झाला होता, गजरा झाला होता. आता त्या पाटीतल्या बाईच्या पुढे केलेल्या हातावर काहीतरी काढत होत्या. मी जवळ गेले. करा होता तो. पांढरा गोल तांब्या, वर नारळ, कडेला आंब्याची इवली इवली पानं. आत कर्ण्यावर मंगलाष्टकं चालली होती आणि ताईंचा हात जराही हलत नव्हता.

"बघ की वहिनी," मान न वळवता त्या म्हणाल्या, "हिला जमतंय. बसून."

आतून 'सावधान' आलं आणि मी मूठभर अक्षता ताईंवर टाकल्या, पाटीवर टाकल्या. पाटी ओली होती, दोनचार दाणे तिथंच चिकटले. ताई हसल्या, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "जा आता, नवरीजवळ कुणीतरी हवं. मी ही वाळेपर्यंत बसते."

त्यानंतर फार दिवस त्या राहिल्या नाहीत. साध्या तापाचं निमित्त झालं. बूथ तोवर बंदच पडला होता, ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल वाजायला लागले होते. तीनचाकी गोठ्याच्या भिंतीला उभी आहे, माझी लेक अजून येताजाता तिची घंटी वाजवते. मला मात्र मार्केटात, बँकेत, कुठंही निळी पाटी दिसली की वाटतं, आत्ता मागून आवाज येईल, "हे कुणाला म्हणतोय रे?" मी थांबते. आवाज येत नाही. भांडायला माणूस नसलं की गाव किती सुनं वाटतं ते मला तेव्हा कळतं.

परवा त्याच कार्यालयात लग्नाला गेले होते. आता तिथं रंगरंगोटी झाली आहे. रॅम्प फिरवून थेट स्टेजपर्यंत नेलाय, हे बघून बरं वाटलं आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की विचारू नका. पाटीही नवी, चकचकीत. 'विशेष व्यक्तींसाठी'. टिकली नाही, अंबाडा नाही, हात पुढे केलेला आणि त्यात काही नाही. पर्समध्ये ताईंची पांढरी बाटली मी अजून ठेवते, ती उघडली तर आतलं सगळं वाळून खडा झालेलं. मग मी डोक्यातला गजरा काढला आणि पाटीच्या खिळ्याला असा अडकवला की तो बरोबर त्या हातावर येईल. बाजारचा गजरा, लगेच दोन फुलं गळाली.

"ओ बाई, काय करताय?" वॉचमन धावत आला.

"करवली आहे ती," मी म्हटलं. "तिचा मान द्यायचा राहिला होता."

त्याला काही कळलं नाही. पण माझ्याकडे बघून गजरा त्याने तसाच राहू दिला.