कुंपणापाशी केलेला फोन

साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणाऱ्या बाईने जगाच्या राजकारणावर बोलावे, हे मला स्वतःलाच धाडसाचे वाटते. वाचकांनी क्षमा करावी. पण एक राग इतकी वर्षे आत तसाच राहिला आहे, आणि आवाज चढवून बोलणे मला कधी जमलेले नाही.

२००३ च्या मार्चात, अमेरिकेने इराकवर हल्ला चढवला तेव्हा, आम्ही इंग्लंडात ब्रिस्टलला राहत होतो. यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, वर्क व्हिसावर आलेले. विमाने पाहणे हा त्यांचा छंद. तासाभराच्या अंतरावर, मेंढ्यांच्या कुरणांत, एक हवाईतळ होता. फाटकावरची पाटी ब्रिटिश, पहारा ब्रिटिश पोलिसांचा. आतली बॉम्बफेकी विमाने, वैमानिक आणि हुकूम मात्र अमेरिकेचे. इथून उडालेली विमाने पाच-सहा तासांत बगदादवर पोहोचत.

कुंपणाबाहेर हौशी लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसत. एका शनिवारी आम्हीही थर्मास घेऊन गेलो.

"पंखांखाली बघ, भरलेली आहेत," यजमान म्हणाले. "परततील तेव्हा रिकामी असतील."

शेजारच्या वृद्ध इंग्रज गृहस्थांनी दुर्बीण पुढे केली. "बघून घे, लव्ह," ते तिकडच्या सवयीने म्हणाले. "असा शो फुकटात मिळत नाही. फक्त आमच्या मेंढ्यांना तो पसंत नाही." सगळे हसले.

मी इतिहासाची एम.ए. आधी जहाजांसाठी कोळशाची ठाणी, मग ठाण्यांच्या रक्षणासाठी बेटे, मग बेटांवरच्या लोकांना सुधारण्यासाठी बंदुका: हवाई बेटे आणि फिलिपिन्स यांवर पानेच्या पाने लिहून मी पहिला वर्ग मिळवला होता. 'अमेरिकेचा सागरपार विस्तार' हे शीर्षक तेव्हा किती स्वच्छ वाटले होते! त्या दिवशी तो विस्तार छाती हादरवत माझ्या डोक्यावरून गेला. आणि ज्यांनी आमच्यावर राज्य केले, ते आता दुसऱ्याच्या साम्राज्याच्या फाटकाशी बसून सँडविच खात होते.

आमच्या शेजारी एक इराकी बाई राहत. केमिस्टकडे फार्मसिस्ट होत्या. त्यांची आई बगदादमध्ये, तिसऱ्या मजल्यावर एकटी. त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांना दारातच गाठले.

"तुम्ही विमाने पाहायला जाता ना? ती निघाली की मला एक फोन कराल? मी आईला तळघरात जायला सांगेन."

यजमान काहीतरी पुटपुटले आणि घरात येऊन माझ्यावर उखडले. "अगं, आपण व्हिसावर आहोत. माझं काम विमानांचं. शत्रूला माहिती पुरवली म्हणतील!"

"अहो, एका म्हातारीला जिना उतरायला सांगायचं आहे."

"हे इमिग्रेशनवाल्यांना तू समजावशील? दुकानात चुकीचा माल दिला तरी तुझं तोंड उघडत नाही."

ते खरे होते. सोमवारी ते कामावर गेले आणि मी एकटी गाडी काढून कुंपणापाशी गेले. विमाने उडाली तेव्हा लोकांनी हात हलवले. मी पाठ फिरवून मोबाइलवर त्या बाईंना एवढेच म्हणाले, "निघाली."

रात्री त्या बाईंनी सांगितले, "आई विचारत होती, ती बाई थंडीत उभी असते का? तिला स्वेटर घालायला सांग म्हणाली."

मी पुन्हा गेले, पुन्हा फोन केला. मग एके दिवशी त्यांचा बगदादला फोन लागेना. टीव्हीवर कळले: बॉम्ब टेलिफोन एक्स्चेंजवर पडले होते. नीटनेटका सूट घातलेला एक प्रवक्ता ते किती अचूक पडले याची वाखाणणी करीत होता.

दुसऱ्या दिवशीही मी कुंपणापाशी गेले. "निघाली," म्हणाले. पलीकडून "बरं" आले. त्या बंद पडलेला नंबर फिरवत राहिल्या, हे मला माहीत होते.

आई वाचली, हे त्यांना कित्येक आठवड्यांनी, अम्मानला पोहोचलेल्या एका नातेवाइकाकडून कळले. "चला, सगळं नीट झालं," यजमान म्हणाले. मी त्यांच्यापुढची ताटली उचलली आणि आयुष्यात प्रथमच ती सिंकमध्ये आपटली. नीट? समुद्रापलीकडून एक राष्ट्र येते, परक्या कुरणातून तिसऱ्याच्याच घरावर बॉम्ब नेते, आणि एका म्हातारीचा जीव माझ्यासारख्या भित्र्या बाईच्या एका शब्दावर टांगलेला असतो. याला नीट म्हणायचे?

तुम्ही त्या कुंपणापाशी असता, तर तो फोन केला असता का?